बाल्कनीतल्या खुर्च्यांची धूळ

माझ्या बायकोनं माझ्या आईकडे धूळ मागितली, तिथून या सगळ्याला सुरुवात झाली.

आता सुनेनं सासूकडे साखर मागावी, शिडी मागावी, फार तर एखादी छत्री मागावी. धूळ कोण मागतं? त्यातून माझी आई म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. माशीनं बसायचंच ठरवलं तर तिला आधी पाय पुसायला लावेल. तिच्या घरात कपाटाच्या वरचा भागसुद्धा पुसलेला असतो, जिथं पाहुणा कधी चढून बघणार नाही.

"कसली धूळ?" आईनं विचारलं.

"घरातलीच. साधी. व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीत साठते ना, ती," बायको म्हणाली.

"आमच्या घरात धूळ नसते," असं म्हणून आई कप उचलून आत गेली. कप अजून अर्धे भरलेले होते.

मी मध्ये पडलो नाही. माझा धंदा कवळ्या बनवण्याचा. दिवसभर दुसऱ्यांचे दात बसवत असल्यामुळे आपले दात कधी मिटून ठेवायचे, एवढं मला चांगलं कळतं.

बायकोचंही चुकलं नव्हतं. ती प्रयोगशाळेत काम करते. सोफा, गादी, खुर्ची यांच्या फोमला चटकन आग लागू नये म्हणून त्यात काही रसायनं घालतात, त्यांचा ती अभ्यास करते. ही रसायनं फोममध्ये गुपचूप बसून राहत नाहीत. हळूहळू बाहेर पडतात, धुळीत मिसळतात, आणि धुळीतून हातावर, हातातून तोंडात जातात. म्हणून तिला घरोघरची धूळ हवी होती. पण धूळ द्यायची म्हटलं की लोकांना लाज वाटते. वर्तमानपत्रात जाहिरात देऊनही जेमतेम काही घरं मिळाली होती, म्हणून ती हक्कानं सासूकडे गेली होती.

आठवडाभर आई फोनवर फक्त माझ्याशी बोलली. मग एका संध्याकाळी स्वतःच आली आणि जॅमची धुतलेली बाटली टेबलावर ठेवली. तळाशी चमचाभर करडं काहीतरी होतं.

"घे. सगळं घर पालथं घातलं तेव्हा एवढी निघाली."

बायकोनं बाटली उजेडात धरली. "आई, ही काढायच्या आधी तुम्ही घर झाडून घेतलंत का?"

"अर्थात. घाणेरड्या घरातली धूळ लोकांना दाखवायची?"

मग बायकोनं तिला शेजारी बसवून समजावलं. दोन आठवडे काहीही पुसायचं नाही, झाडायचं नाही, आणि मग एकदाच व्हॅक्यूम फिरवायचा. आईचा चेहरा असा झाला, जणू तिला दोन आठवडे आंघोळ करू नकोस असं सांगितलं होतं. पण ती शब्दाला पक्की. तिनं ते दोन आठवडे काढले. रोज टीव्हीवर बोटानं रेघ ओढून बघायची आणि सुस्कारा सोडायची. कुणी दारात आलं की आधीच सांगायची, "हे विज्ञानासाठी आहे." बाबा मात्र खूश होते. ते म्हणत, लग्नानंतर पहिल्यांदा पाय खाली ठेवून पेपर वाचता येतोय, कुणी फडका घेऊन पाय उचला म्हणत नाही.

बाबा पेपर वाचायचे ते कुठं बसून, हे सांगायला हवं. बाबा सिनेमाच्या थिएटरात ऑपरेटर होते. उभं आयुष्य त्यांनी प्रोजेक्टरच्या खोलीत काढलं, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना अजून 'ऑपरेटर'च म्हणतात. थिएटर बंद पडलं, पाडायला घेतलं, तेव्हा मालकानं जुन्या माणसांना काय हवं ते न्या म्हणून सांगितलं. कुणी पंखे नेले, कुणी आरसे. बाबांनी बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेतल्या तीन खुर्च्या आणल्या. लाल रेक्झिनच्या, एकमेकींना जोडलेल्या, उठलं की फटकन बैठक वर जाणाऱ्या. लाकडी फळीवर बोल्टांनी ठोकून त्या बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसवल्या.

"हे घर आहे की थिएटर?" आई तेव्हा म्हणाली होती, आणि नंतरही येता-जाता म्हणायची. खुर्च्यांना नावं ठेवायची एकही संधी ती सोडत नसे. पण बसायची त्यातच, मधल्या खुर्चीत. मटार सोलायचे तर तिथं, फोन करायचा तर तिथं. डावीकडे बाबा, उजवीकडची पाहुण्यांना. बैठकीच्या खालून फोम सुटत चालला होता. रव्यासारखी पिवळी पूड रोज जमिनीवर पडायची आणि आई रोज ती पुसायची.

धूळ प्रयोगशाळेत गेली. पिशवीवर नाव नाही, नुसता नंबर. काही महिने झाले, आम्ही विसरलोही. मग एकदा बायको कामावरून आली ती पर्सही न ठेवता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"एका घराची धूळ बाकी सगळ्या घरांच्या कितीतरी पट निघाली," ती म्हणाली. "माझी साहेबीण विचारत होती, ही माणसं सोफ्याच्या कारखान्यात झोपतात की काय."

"कुणाचं घर?"

"पिशवीवरचा नंबर मीच टाकला होता," ती म्हणाली. मग मला ती पिवळी पूड आठवली.

अडचण अशी होती की आईला थायरॉइड होता. काही वर्षांपूर्वी तिला सारखी थंडी वाजायला लागली, केस गळायला लागले, चार पायऱ्या चढल्या की बसावंसं वाटायचं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि थायरॉइडचं हार्मोन कमी पडतंय म्हणून रोज उपाशीपोटी एक गोळी सुरू केली. तेव्हापासून ती ठीक होती. पण ही रसायनं नेमकी त्याच हार्मोनच्या वाटेत लुडबुड करतात, हे बायकोला माहीत होतं. न सांगणं तिला जमणार नव्हतं, आणि सांगायचं म्हणजे सासूला सांगायचं की तुमच्या घरातली धूळ सगळ्यात वाईट निघाली. त्या रात्री तिनं जेवताना दोनदा पाण्याऐवजी तेलाची बाटली उचलली.

सुट्टीच्या दिवशी आम्ही गेलो. आई-बाबा आपापल्या खुर्चीत, मी पाहुण्यांच्या, आणि बायको समोर स्टुलावर, तोंडी परीक्षेला बसल्यासारखी.

तिनं सगळं नीट सांगितलं. आईनं फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे आमचा पहिला नंबर?"

"तसंच म्हणायचं."

बाबांना ते पटेना. "अगं, पण याच रसायनानं माणसं वाचवलीत. एकदा बाल्कनीत कुणीतरी जळती सिगारेट खुर्चीत टाकून गेला. खुर्ची नुसती धुमसत राहिली, धूर आला, पण भडका उडाला नाही. आम्ही दिवे लावले आणि हाऊसफुल्ल शो बाहेर काढला. एकालाही खरचटलं नाही. आता त्याच्याच नावानं बोटं मोडायची?"

"थिएटरात हजार माणसं असतात बाबा. तिथं आगीचीच भीती मोठी, त्यासाठी काहीतरी करायलाच हवं होतं. पण त्या खुर्चीत माणूस तीन तास बसतो आणि घरी जातो. तुम्ही दोघं त्यातच राहता."

"बरं, पण आत जाऊन ते करतं काय?"

बायकोनं स्टूल पुढे ओढलं. "थायरॉइडचं हार्मोन रक्तातून फिरतं ना, ते एकटं नाही फिरत. एक प्रथिन त्याला पाठुंगळी घेऊन नेतं. त्याच प्रथिनाच्या सोबतीनं व्हिटॅमिन एसुद्धा प्रवास करतं. ही रसायनं शरीरात गेली की त्यांचं रूप थोडं बदलतं, आणि मग ती दिसायला बरीचशी हार्मोनसारखी होतात. ती जाऊन त्याच्या जागेवर बसतात."

"म्हणजे खोटं तिकीट घेऊन आलेला," बाबा म्हणाले.

"हो. अगदी तसंच."

"आणि खरं तिकीटवाला?"

"तो उभा राहतो. मग शरीर त्याला लवकर बाहेर घालवतं. शेजारच्या व्हिटॅमिन एचीही घडी विस्कटते. आम्ही उंदरांमध्ये बघितलं, त्यांच्या यकृतात व्हिटॅमिन एचा जो साठा असतो, तो कमी होत जातो."

"आणि डोअरकीपर काय झोपा काढतो?"

"डोअरकीपर चेहरा बघून सोडतो बाबा. आणि चेहरा सारखाच आहे."

बाबांना हे इतकं पटलं की ते हसले. मग त्यांचं हसू हळूहळू विरलं. त्यांनी आईकडे बघितलं.

"मग हिचा थायरॉइड यानंच झाला?"

"असं नाही सांगता येत," बायको पटकन म्हणाली. "या वयाच्या कितीतरी बायकांना होतो. त्यांच्या घरात अशा खुर्च्या नसतात. उंदरांना आम्ही भरपूर देतो, माणसांमध्ये काही अभ्यासांत संबंध दिसतो, काहींत दिसत नाही. एका घरातली धूळ आणि एका बाईचं दुखणं, यांची मी गाठ नाही बांधू शकत. धूळ कमी करू या, एवढंच मी म्हणते. तेही सावकाश, नीट ठरवून."

बाबांनी मान हलवली. पण शेवटचं वाक्य त्यांच्या कानांपर्यंत पोचलंच नव्हतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी मी एका म्हातारबुवांच्या कवळीची खालची फळी घासत होतो, तेवढ्यात आई-बाबांच्या शेजारी राहणाऱ्या नळवाल्याचा फोन आला. "तुमची आई रस्त्यावर बसलीय," तो म्हणाला. "पडली वगैरे नाही. बसलीय. तुम्ही या."

मी बायकोला फोन केला आणि धावलो. आईबाबांच्या इमारतीसमोर, जिथं कचऱ्याची गाडी थांबते तिथं, फुटपाथवर त्या तीन खुर्च्या मांडलेल्या होत्या. मधल्या खुर्चीत आई बसली होती, मांडीवर पर्स घेऊन, सिनेमा सुरू व्हायची वाट बघत असल्यासारखी. पाच पावलांवर बाबा हातात पाना घेऊन उभे होते. त्यांच्या केसांत पिवळी पूड होती. भल्या सकाळी आई दूध आणायला गेली तेव्हा त्यांनी बोल्ट काढले होते आणि नळवाल्याच्या मदतीनं खुर्च्या खाली आणल्या होत्या. आई परत आली ती थेट खुर्चीतच बसली. कचऱ्याची गाडी मागोमाग आली होती आणि तिच्या मागे आणखी चार गाड्या अडकल्या होत्या.

"काकू, उचलायचं की नाही तेवढं सांगा," कचरागाडीवाला अजिजीनं म्हणत होता. "मागची माणसं माझ्या नावानं शंख करतायत."

"उचलायचं नाही. तुम्ही दमला असाल तर बसा, बाजूची रिकामी आहे."

"आई," मी म्हणालो, "अगं, त्या खुर्च्यांमुळे..."

"मला शिकवू नकोस. काल मीही होते तिथं, मीही ऐकलं." तिनं बाबांकडे बोट केलं. "यांनी मला विचारलं का? शरीर माझं, गोळी माझी, खुर्ची माझी. आणि तिन्हींचा निकाल यांनी एकट्यानं लावला."

"तुला त्या आवडत नाहीत म्हणून तर," बाबा पुटपुटले. "रोज नावं ठेवतेस."

"नावं मी तुम्हालाही ठेवते."

कचरागाडीवाल्यानं हसू लपवायला तोंड फिरवलं.

मग आई बोलली ते आमच्यासाठी नव्हतं, रस्त्यावरच्या कुणासाठीच नव्हतं. लग्न नवीन होतं तेव्हा बाबा दुपारच्या खेळापासून शेवटच्या खेळापर्यंत वर त्या खोलीत अडकलेले असत. संध्याकाळी ती डबा घेऊन जायची. डोअरकीपर तिला बाल्कनीत, शेवटच्या रांगेत मधोमध बसवायचा, कारण तिच्या डोक्यामागेच बाबांच्या खोलीची खिडकी होती. प्रकाशाचा झोत तिच्या डोक्यावरून पडद्यावर जायचा. रीळ बदलून झालं की बाबा काचेवर टकटक करायचे, म्हणजे सगळं ठीक. एवढाच काय तो त्यांचा संसार. स्वयंपाक आटपून निघायची, त्यामुळे एकाही सिनेमाची सुरुवात तिनं कधी बघितली नव्हती.

"खुर्च्या घरी आणल्यात तेव्हा नंबराच्या पट्ट्या काढून टाकल्या होत्यात," ती म्हणाली. "तुम्हाला वाटलं, ही माझीच खुर्ची हे मला कळणार नाही. खुर्चीच्या या हातावर माझ्या डब्याच्या कडीचा ओरखडा आहे. मी पहिल्याच दिवशी बघितला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

बाबा पाना या हातातून त्या हातात घेत राहिले. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. नळवाल्यानं त्याला हातानंच गप्प केलं.

एवढ्यात बायको रिक्षातून उतरली. मग तिला बाबांचं डोकं दिसलं आणि तिच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली. "बाबा, केस झटकू नका. हात तोंडाला लावू नका. तसेच वर जा आणि डोक्यावरून आंघोळ करा. आई, तुम्ही उठा आधी त्याच्यावरून."

"मी उठले की हे उचलून देतील."

"नाही देणार. मी सांगते ना. सांगाड्यात काही वाईट नाही, वाईट आहे ते फोममध्ये. फोम काढू, नवीन भरू. खुर्च्या राहतील."

आईनं पर्स काखेला मारली. "हे काल का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होते. त्याआधी बाबांनी पाना काढला."

आई उठली. बैठक फटकन वर गेली, पिवळ्या पुडीचा लहानसा ढग उडाला, आणि बायकोनं डोळे मिटून घेतले. कचरागाडीवाला रिकामा गेला, पण जाताना त्यानं खुर्च्या भिंतीशी सरकवून द्यायला हात लावला.

खुर्च्या सोफे दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे गेल्या. त्यानं मोकळ्या अंगणात, तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालून जुना फोम काढला. बायकोनं तो पिशव्यांत बंद करून प्रयोगशाळेत नेला. इतका जुना, इतका चांगला नमुना फुकट मिळाल्यामुळे तिची साहेबीण म्हणे दिवसभर गुणगुणत होती. नवीन काय भरायचं ते ठरवायला आई स्वतः गेली, मला बरोबर घेऊन.

"काकू, हा घ्या," कारागीर फोमची एक लादी पुढे करत म्हणाला. "भारीतला आहे. काडी लावली तरी पेटत नाही."

"तो नको. पेटणारा दाखवा."

त्यानं आयुष्यात अशी मागणी ऐकली नव्हती. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी दात मिटून घेतले. शेवटी नारळाच्या काथ्याची गादी आणि वर कापूस असं ठरलं. बाबांनी एकच अट घातली की घरात कुणी सिगारेट ओढणारा आला तर त्यानं जिन्यात उभं राहायचं. आगीतून निघून फुफाट्यात पडायचं नव्हतं त्यांना.

खुर्च्या नसल्यामुळे बाहेरच्या खोलीत बसायला काही उरलं नाही. एका दुपारी बाबा म्हणाले, इथं भिंतीला टेकून बसण्यापेक्षा सिनेमाला जाऊ. आई वेळेच्या बरीच आधी तयार होऊन दारात उभी होती. तिकिटं काढून दोघं शेजारी शेजारी बसली. बाबा सारखे वळून मागच्या खिडकीकडे बघत होते. आत कुणीच नव्हतं, सगळं मशीन आपलं आपणच चालवत होतं, आणि त्यांना ते आवडलं नाही. परत आल्यावर मी आईला विचारलं, कशी वाटली सुरुवात.

"विशेष काही नसतं त्यात," ती म्हणाली. "डोंगर दाखवतात, नावं येतात. मी उगाच इतकी वर्षं वाईट वाटून घेतलं."

मधल्या काळात तिनं व्हिटॅमिन एचा विषय मात्र मनावर घेतला होता. रोज गाजर. किसलेलं, उकडलेलं, भाजलेलं, सूपमधलं. बाबांच्या तळहातांना पिवळसर रंग चढायला लागला तेव्हा बायकोनं थांबवलं. रक्तात व्हिटॅमिन ए कमी आहे असं कुणीही म्हटलेलं नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कसल्या गोळ्या तर अजिबात घ्यायच्या नाहीत, हे व्हिटॅमिन जास्त झालं तरी त्रास देतं. "नेहमीचं चौरस जेवा, जेवायच्या आधी हात धुवा, ओल्या फडक्यानं पुसा. बस."

"ओल्या फडक्यानं पुसणं हे औषध आहे?" आईनं खात्री करून घेतली.

"बऱ्यापैकी."

त्या दिवशी आईचा चेहरा बघण्यासारखा होता.

खुर्च्या परत आल्या त्या पूर्वीपेक्षा चार बोटं उंच. बाबांचे पाय जमिनीला लागेनात, म्हणून त्यांनी खाली एक पाट ठेवला. काथ्यावर बसल्यावर सुरुवातीला कुणालाच चैन पडत नव्हतं. आई म्हणायची, आता ही बसमधली खुर्ची झाली. म्हणजे तिला ती आवडली, हे आता आम्हा सगळ्यांना कळत होतं.

वर्षभरानं बायकोनं पुन्हा धूळ नेली. या वेळी आईनं दोन आठवडे कुरकुर न करता काढले आणि शेजारच्या तीन घरांच्या पिशव्याही गोळा करून दिल्या. त्या बायकांना ती म्हणाली होती, "लाजू नका. माझी सगळ्यात वाईट निघाली होती."

आकडा बराच खाली आला होता. शून्य मात्र नव्हता. तपासणीत आईची गोळी होती तेवढीच राहिली, वाढली नाही, कमीही झाली नाही. बाबा जरा हिरमुसले. त्यांना वाटलं होतं, खुर्च्या बदलल्या की गोळी सुटेल.

"शून्य का नाही?" त्यांनी विचारलं.

"ती रसायनं फटीफटींत बसलेली असतात बाबा, आणि शरीरातही. काही तर वर्षानुवर्षं राहतात. जातात, पण सावकाश."

"जाऊ देत सावकाश," आई मधल्या खुर्चीतून म्हणाली. "तुम्ही पाय वर घ्या जरा, पाटाखालचं पुसायचं राहिलंय."